सगुणदादाचा पाट

हळर्ण, १२ ऑक्टोबर १९८६

सगुणदादा,

नमस्कार लिहिते आहे. घ्यायचा की नाही ते तू ठरव. अक्षर ओळखलेस ना? सुमंगला. पाकीट न फोडता परत पाठवायचा विचार असेल तर आता उशीर झाला.

तू घर सोडून गेल्याला चार गणेशचवथी झाल्या. हळर्णहून वास्को म्हणजे काही लंका नव्हे, पण आपल्या घराण्यात अबोला धरायचा तर तो नीट धरतात. आज मी तो मोडते आहे, कारण माझे काम अडले आहे. माया दाटून आली म्हणून लिहिते असे समजून उगाच फुगू नकोस.

धारगळच्या हायस्कुलात मी चित्रकला शिकवते, हे संजनावहिनीच्या माहेराकडून तुझ्या कानावर आले असेल. दर जूनला नेमणूक आणि दर एप्रिलला हातात नारळ. यंदा हेडमास्तरांनी स्पष्टच सांगितले, की चित्रकला शिक्षकाची परीक्षा पास व्हा, नाहीतर पुढच्या जूनला पास झालेला माणूस येईल आणि मग आमचा इलाज नाही. परीक्षा मे महिन्यात, कोल्हापूरला. वस्तुचित्र, निसर्गचित्र, नक्षीकाम, अक्षरलेखन, फळ्यावर खडूने काढणे, सगळे आहे. त्यातल्या कशालाच मी भीत नाही. पण एक पेपर असा, की माणूस समोर बसवून त्याचे डोके काढायचे. आणि डोके म्हटले की त्याला डोळे आले.

तिथे माझी गाडी अडते. आपल्या घरी, मूर्ती घडवायच्या गणपतीच्या शाळेत, मी कळत्या वयापासून माती मळली, रंग वाटले, मुकुटाची नक्षी काढली. पीतांबराच्या चुण्या तर माझ्याइतक्या कुणालाच साधत नाहीत, हे बाबांनीही एकदा कबूल केले होते. पण डोळ्यांपाशी आम्ही बायकांनी थांबायचे. मूर्ती बाकी सगळी रंगवून झाली की बाबा हात धुऊन, तोंडातून शब्द न काढता पूर्वेच्या जनेलापाशी उजेडाला बसून मूर्तीचे डोळे रंगवणार, आणि मी उंबऱ्याबाहेर, आई होती तोवर तीही. आता समोर कोणाचेही तोंड काढायला घेतले तरी नाक येते, ओठ येतात, कान तर सुरेख येतात. डोळ्यांच्या जागी पेन्सिल टेकवली की हात उचलला जातो. कागदावरसुद्धा.

तू बाबांच्या मांडीला मांडी लावून हे शिकलास. मग प्लास्टरचे साचे आणलेस, बाबा म्हणाले मातीचा नव्हे त्याचे डोळे मी उघडणार नाही, तू म्हणालास मीच उघडतो, आणि उघडलेस. त्यावर बाबा जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल. तो वाद तुम्हा दोघांचा. मला फक्त एवढेच लिहून पाठव, डोळ्याची पहिली रेघ कुठून सुरू करतात?

बाबा बरे आहेत. जाताना 'माझा गणपती वेगळा' म्हणून रागारागाने करून आणलेला तुझा फणसाचा पाट शाळेत आहे तिथेच आहे.

सुमंगला


हळर्ण, ७ डिसेंबर १९८६

सगुणदादा,

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टमनला मी सांगून ठेवले आहे, की वास्कोहून काही आले तर आधी मला दे. तो दर खेपेला मान हलवतो, त्यात होय किती आणि नाही किती ते समजत नाही.

डिचोलीला रघुनाथ मास्तर म्हणून आहेत, निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक. रविवारी परीक्षेला बसणाऱ्यांना घरी शिकवतात. मी दोन बसगाड्या बदलून जाते. खाणीच्या ट्रकांची रांग लागलेली असते आणि लाल धूळ उडते, त्यामुळे उतरेपर्यंत माझ्या पांढऱ्या कागदाची गुंडाळी गुलाबी होऊन जाते. मास्तरांच्या घरी जनेले बंद करून बसावे लागते, नाहीतर आम्ही रंगवण्याआधी खाणच रंगवून टाकते.

पहिल्या रविवारी त्यांनी स्टुलावर पाण्याने अर्धा भरलेला काचेचा पेला ठेवला आणि काढा म्हणाले. मी म्हटले, एवढेच? गणपती काढणारी मी. झटकन काढून दाखवला. ते म्हणाले, हा तुमच्या डोक्यातला पेला झाला, स्टुलावरचा कुठे आहे? दुपारपर्यंत मी तो पुन्हापुन्हा काढत बसले.

दादा, तुला कसे सांगू. पेल्याचे तोंड गोल नसते. म्हणजे असते गोल, पण आपल्याला दिसते ते लांबट, आणि आतल्या पाण्याचे गोल त्याहून जरा जास्त उघडे, आणि बूड आणखी उघडे. पाण्यातून मागच्या जनेलाची चौकट उलटी झालेली होती. जनेलाच्या गजांसकट, एवढ्याशा पाण्यात. आयुष्यभर मी पेल्याने पाणी प्याले आणि हे एकदाही पाहिले नाही! मला एकाएकी भरून आले. शेजारी बसलेली साखळीची दिपाली घाबरून विचारायला लागली, बरे नाही का वाटत. मी म्हटले, बरे वाटते आहे, फार बरे वाटते आहे.

आपल्या शाळेत सगळे बोटांच्या हिशोबात. कपाळ इतकी बोटे, सोंडेचे वळण इतके, पोटाचा घेर इतका. तो हिशोब चुकीचा म्हणायची माझी छाती नाही, त्या हिशोबावर किती पिढ्यांचे देव उभे राहिले. पण त्या हिशोबात बघावे लागत नाही. डोळे मिटून मूर्ती करता येते. मी आजवर तशीच करत आले.

परत येताना बसच्या काचेतून मी सारखी बघत होते. कंडक्टरचा कान, माडाचे खोड, कोणाच्या तरी मांडीवरची अननसाची टोपली. सगळेच नवे. म्हापशाला उतरायचे विसरून पुढे गेले.

बाबा बरे आहेत.

सुमंगला


हळर्ण, १८ जानेवारी १९८७

सगुणदादा,

डिसेंबरात भाषेच्या आंदोलनात रस्त्यांवर झाडे आडवी पाडली होती तेव्हा तुमच्याकडे कसे होते? आम्हाला वर्तमानपत्रही धड मिळत नव्हते. एका रविवारी मी अर्ध्या वाटेवरून परत आले. तू तिकडे कोंकणीवाला झालास आणि कोंकणीतून पाट्या रंगवतोस, असे इथे सांगतात. इथले लोक मराठीसाठी हिरीरीने भांडतात, आणि भांडतात ते ज्या बोलीत तिला मराठी म्हणावे की कोंकणी ते मला तरी सांगता येणार नाही. तू मला कोंकणीत उत्तर दे. पण दे.

आता आम्ही डोक्यांना हात घातला आहे. मास्तरांनी रुक्मिणीला बसवले. ती सावंतवाडीकडची, खाणीवर पाट्या वाहते, रविवारी मास्तरांच्या अंगणात झाडलोट करायला येते. चाळिशीची असेल, पण वयाहून थकलेली. ती खुर्चीवर अशी बसली, जणू कोणी तिला बसायला पहिल्यांदाच सांगितले.

तो चेहरा मी काढला. गालाच्या हाडावर उजेड पडून खाली उतरतो आणि जबड्यापाशी हळूच वळतो, ते वळण मला सापडले तेव्हा अंगावर काटा आला. कपाळावरच्या आठ्यांत खाणीची लाल भुकटी बसली होती, धुऊनही न जाणारी. मला वाटले, देवाची मूर्ती करताना आपण इतके पाणी, इतकी चिकण माती, इतके दिवस घालवतो, आणि हा चेहरा कोणी न घडवता घडला. मास्तर मागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ तिथेच थांबले. ते सहसा थांबत नाहीत.

मग आमचे काढून झाल्यावर रुक्मिणी उठली आणि कागद बघायला आली. तिने खालून वर बघितले, हनुवटी, ओठ, नाक. वर पोचल्यावर तिचा हात आपसूक स्वतःच्या डोळ्यांकडे गेला.

"सगळा काढलंस," ती म्हणाली, "मगे माका आंधळी कित्याक केलंस गो बाय?"

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरे असे झाले. मी तिला कारण सांगितले, चितारी घराणे, रिवाज, सगळे. तिने ऐकून घेतले आणि केरसुणी घेऊन अंगणात गेली. मास्तर म्हणाले, तुम्ही डोळा म्हणजे कमळाची पाकळी समजता, तिथेच चुकते. डोळा हा गोळा आहे. लिंबासारखा. पापणी म्हणजे त्यावर पांघरलेले फडके. आधी लिंबू काढा. पण लिंबू काढायलाही हात टेकावा लागतो.

ती पहिली रेघ कुठून, दादा?

सुमंगला


हळर्ण, १५ मार्च १९८७

सगुणदादा,

मागच्या पत्रांत बाबा बरे आहेत असे लिहिले. बाबा बरे नाहीत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगून वर्ष होत आले. चवथ होऊ दे, मग बघू, असे म्हणत त्यांनी एक चवथ काढली, आता दुसरीची वाट बघतात. मला बजावले आहे, की बाहेर बोलायचे नाही, सगुणाला तर मुळीच कळवायचे नाही. मीही इतके दिवस गप्प बसले, कारण त्यांची अब्रू ती माझीही अब्रू. पण आता नाही राहवत.

कुंचल्याचे टोक ते अंगठ्याने चाचपून बघतात. रंग वासाने ओळखतात. उंबऱ्याबाहेर बसून मला वाटायचे, इतकी वर्षे करून हात आता आपणहून चालतो. गेल्या चवथीला गावातल्या सखारामच्या घरी मी आरतीला गेले. त्यांचा गणपती समोर बघत नव्हता. डावा डोळा माणसांकडे आणि उजवा भिंतीकडे. तेव्हा मला नुसते कसेसेच झाले. नेमके काय चुकले ते आता डिचोलीला जाऊन कळते आहे. बुबुळ मण्याएवढे सरकले होते. घरात कोणाच्या लक्षात आले नाही. माणसे देवापुढे हात जोडतात ती डोळे मिटून.

यंदा हे असे चालायचे नाही. शाळेत पुन्हा माती आली आहे. एकदा चूक झाली ती खपली, दर वर्षी खपणार नाही, आणि कोणी बाबांच्या तोंडावर बोलले तर ते त्यांना सोसणार नाही. तेव्हा आता मी रेघ विचारत नाही. तूच ये. डोळे तू उघड. प्लास्टरचे काय ते नंतर दोघे बसून भांडा, मी दारात उभी राहून ऐकेन.

आणखी एक तुला ठाऊक नाही. शाळेत लोक आपापले पाट आणून ठेवतात आणि बाबा ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याचा त्याचा गणपती उभा करतात. त्या रांगेत ते दर वर्षी तुझाही पाट मांडतात. त्यावर गणपती करतात. रंग देतात. शेला, जानवे, उंदीर, सगळे. डोळे तेवढे ठेवतात. चवथीला सगळे पाट डोक्यांवरून निघून जातात आणि तुझा उरतो, अंगावर पंचा पांघरून. तू वास्कोच्या बाजारातून प्लास्टरचा नेतोस, हे त्यांना माहीत आहे. अनंत चतुर्दशी झाली की ते तुझी मूर्ती स्वतःच्या हाताने उचलून बाल्दीतल्या पाण्यात ठेवतात. मी एकदा म्हटले, देवाला असे करू नये. ते म्हणाले, डोळे उघडले नाहीत तोवर ती माती, देव नव्हे. मग ती भिजलेली माती मळून पुन्हा कोपऱ्यात ठेवून देतात, आणि पुढच्या वर्षी तुझ्या पाटावर तीच माती चढते. चार वर्षे तीच.

काल मी निसर्गचित्रासाठी किल्ल्याच्या पडक्या भिंतीवर जाऊन बसले होते. चिऱ्यांवर फणसाची सावली पडली होती. सावली काळी नसते, दादा. जांभळी होती, कडेला हिरवट. मी ती रंगवत होते आणि माझ्या मनात सारखे येत होते, की हे बाबांना दाखवायचे राहून जाणार.

सुमंगला


हळर्ण, १९ मे १९८७

सगुणदादा,

परीक्षा झाली. काय झाले ते तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही, तू वाच नाहीतर चुलीत घाल.

कोल्हापूरला डोक्याच्या पेपरासाठी मोठ्या दालनात आम्हाला डाँकींवर बसवले. डाँकी म्हणजे लाकडी बाक, त्यावर घोड्यासारखे दोन्हीकडे पाय टाकून बसायचे आणि पुढे बोर्ड टेकवायचा. साडी नेसून हे कसे करायचे ते परीक्षा मंडळाने कळवलेले नव्हते. मी आपली दोन्ही पाय एका अंगाला घेऊन बसले.

मधल्या चौथऱ्यावर त्यांनी आणून बसवला एक म्हातारा पैलवान. काय माणूस! मान म्हणून नव्हतीच, खांद्यांतून सरळ डोके निघालेले. कान कुस्तीत मोडून मोडून भजीसारखे झालेले. कपाळावर जुनी खोक. मी पेन्सिल विसरून नुसती बघत राहिले. इतकी वर्षे आपण घरी बलाढ्य देव घडवतो, आणि बळ असते कसे ते मी त्या दिवशी समोर पाहिले. वय झालेले, पोट सुटलेले, पण बसला होता असा की चौथऱ्याने उठून जावे, त्याने नव्हे.

मग हात चालू लागला तो चालतच राहिला. त्या मोडक्या कानांसाठी मी जन्माला आले होते. बाकीच्यांनी डोळ्यांपासून सुरुवात केली होती, मास्तरांनीही आम्हाला तसेच बजावले होते: आधी डोळे, मग बाकीचे. पण माझ्या हाताला घरचीच सवय. सगळे पुरे झाले, आणि दोन मोकळ्या जागा उरल्या.

आणि मग मी काय केले असेल? उठले आणि हात धुवायला गेले. खरेच सांगते. विचारच केला नाही. बाबा जातात तशी सरळ उठून बाहेरच्या नळावर गेले, हात धुतले, चूळ भरली. पर्यवेक्षक मागोमाग आले, कुठे निघालात, पेपर चालू आहे. मी बोलले नाही. आता बोलायचे नसते ना! ते विचारतात आणि मी मुक्याने मान हलवते. त्यांना वाटले मला भोवळ येते आहे. त्यांनी खिशातून ग्लुकोजची बिस्किटे काढून दिली. ती घेऊन मी परत येऊन बसले आणि वर पाहिले.

पैलवान झोपला होता.

बसल्या जागी, ताठ, डोळे मिटून. बाकी सगळ्यांचे डोळे काढून झाले होते, त्यामुळे कोणाला फिकीर नव्हती. त्याला हाक मारावी, तर मला बोलायची बंदी. बंदी कोणाची? तिथे कोल्हापुरात कोणाची? तरीही तोंड उघडेना. घड्याळ पुढे सरकत होते. मला वाटले, झाले, संपले, नोकरी गेली, रुक्मिणीला आंधळी केले तसे यालाही करून मी घरी जाणार.

आणि मग मला दिसले. मिटलेल्या पापणीखाली गोळा होता. लिंबू. तो हलत होता, इकडून तिकडे, पापणीच्या फडक्याखाली. झोपेत तो कुणाशी तरी खेळत होता, आणि जिंकत असावा, कारण ओठांचा एक कोपरा जरासा वर गेला. मला त्या माणसाच्या आत बघायला मिळाले, दादा. श्वास घ्यायची भीती वाटली. मी पेन्सिल टेकवली ती नाकाच्या बाजूने, जिथे पापणीचा कोपरा ओला असतो तिथून, आणि हात उचलला गेला नाही. एक पापणी. मग दुसरी. घंटा झाली तेव्हा माझ्या कागदावर झोपलेला पैलवान होता आणि बाकी सगळ्यांच्या कागदांवर जागा.

मास्तरांना सांगितले तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला, मग हसले, मग म्हणाले, जे दिसले ते काढलेत ना, मग आता बघू. बाबांनाही सांगितले. बिस्किटांपाशी आल्यावर ते हसले. तू गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकले नव्हते.

डोळे मिटलेलेच आले, उघडे अजून नाहीत. पण पहिली रेघ कुठून ते आता मला विचारायला नको.

सुमंगला


हळर्ण, १२ जुलै १९८७

सगुणदादा,

पास झाले. हेडमास्तरांनी स्वतः पेढे वाटले, आणि हायस्कुलातला जुना फळा माझ्या वर्गासाठी नव्याने काळा करून दिला. गुण किती ते कळवत नाहीत. पैलवानाचे कोणाला काय वाटले ते मला कधीच कळणार नाही.

गोवा राज्य झाले तेव्हा पेडण्यात फटाके वाजले. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, दिसत नसले की आवाज जास्त कळतो. मला ते फार लागले.

तुझे पार्सल मिळाले. बरोबर चिठ्ठी नाही, नाव नाही, पण वास्कोचा शिक्का होता आणि आत तो कुंचला. खारीच्या केसांचा, डोळ्यांसाठीच ठेवलेला. बाबांनी तो किती शोधला होता, आणि तू नेला असशील असे एकदाही म्हणाले नाहीत. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला आणि तसाच मुठीत धरून बसले. मग जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला शाळेत बोलावले. मूर्ती वाळत होत्या, रांगेने. त्यांनी विचारले, "गेल्या चवथीक सखारामाचो गणपती वाकडो बघी होतो मा? खरा सांग."

नाही म्हणायचे तोंडावर आले होते. वर्षभर तेच म्हणत आले. पण बाबा माझ्याकडे तोंड करून उभे होते, माझ्या जरा डाव्या बाजूला बघत, आणि मला वाटले, बघायला शिकून जर दिसले ते सांगायचे नाही, तर त्या पेल्यापासून सगळे फुकट. मी म्हटले, होय.

त्यांनी मान डोलावली. त्यांना माहीत होते. फक्त ज्याला दिसले त्या माणसाकडून ऐकायचे होते.

"जेका दिसता, तेनी डोळे उघडूचे," ते म्हणाले. "माका दिसणा नाय." आणि कुंचला माझ्या हातात दिला.

मी म्हटले, बाबा, मी बाईमाणूस. ते म्हणाले, ते मला दिसत नसले तरी आठवते.

दादा, मार्चमध्ये मी तुला डोळे उघडायला ये असे लिहिले होते. ते मागे घेते. त्या कामासाठी आता यायला नको.

सुमंगला


हळर्ण, २२ ऑगस्ट १९८७

सगुणदादा,

चवथ याच आठवड्यात. पत्र वेळेवर पोचावे म्हणून पोस्टमनच्या हातात देणार आहे, पेटीत टाकणार नाही.

आज सकाळी डोळे उघडले. सगळे नव्हे, गेले काही दिवस चालूच आहे, पण आज शेवटचे. न्हाऊन, हात धुऊन, पूर्वेच्या जनेलापाशी. बाबा शेजारी बसून पाट धरून हळूहळू वळवत होते, जसे पूर्वी तू वळवायचास. उंबऱ्याबाहेर कोणी नव्हते. मला सवयीने दोनदा तिकडे बघावेसे वाटले, आई असेल म्हणून.

पहिल्या मूर्तीला कुंचला टेकवण्याआधी मी त्याचे टोक बाबांसारखे अंगठ्याने चाचपून पाहिले. मग घरची पाकळीच काढली, बाबांच्या हिशोबाची, बोटाचा फरक नाही. पण पाकळीखाली लिंबू आहे हे मला आता ठाऊक होते. बुबुळ त्या गोळ्यावर ठेवले. आणि एका क्षणापूर्वी माती होती, दादा, तिने माझ्याकडे पाहिले. मी केलेले, माझ्याच कुंचल्यातले काळे, आणि त्याने मला पाहिले. इतकी वर्षे बाबा हे रोज कसे सोसत होते? उठून माणसांसारखे जेवायला कसे बसत होते? मला आता कळले की या कामाच्या वेळी बोलत का नाहीत. रिवाज वगैरे काही नव्हे. बोलायला काही उरतच नाही.

काम झाले की बाबा मूर्तीची नजर कुठे ते विचारायचे, "खंय बघता?" मी म्हणायची, तुमच्याकडे. प्रत्येक मूर्तीला तेच विचारले आणि प्रत्येक वेळी मी तेच सांगितले, आणि ते खरे होते. सखारामचा तर मी तीनतीनदा तपासला.

सगळ्यांचे झाल्यावर रांगेच्या शेवटी तुझा फणसाचा पाट उरला. बाबा उठायला लागले. मी त्यांना बसा म्हटले. मी हात पुन्हा धुतले आणि तूच धाडलेला कुंचला घेऊन तुझ्या गणपतीचे डोळे उघडले. बाबांना कुंचल्याचा आवाज ऐकू येतो. ते पाट धरून होते, त्यांनी हात काढला नाही. शेवटी नेहमीसारखे विचारले, खंय बघता? मी तेच सांगितले, तुमच्याकडे. त्यांनी पंच्याने डोळे पुसले आणि म्हणाले, रंग डोळ्यांत गेला. रंग तर मी लावत होते.

तेव्हा आता ऐक. हा बाल्दीत जायचा नाही. चार वर्षांची ती माती आज माती राहिली नाही, आणि तिला पुन्हा भिजत घालायचे धाडस बाबांना होणार नाही, मला तर नाहीच. चवथीला शाळेत पंचा पांघरून देव बसवून ठेवायचा का, ते तू ठरव. पाट तुझा आहे. ज्याचा पाट त्यानेच डोक्यावरून न्यायचा, दुसऱ्या कोणी नाही, हा रिवाज मी मोडणार नाही. या वर्षी मोडायचा तेवढा मोडून झाला.

संजनावहिनीला घेऊन ये. आणि येताना चांगली मोठी छत्री आण, आपल्या शाळेतल्या दोन्ही मोडल्या आहेत, आणि हा प्लास्टरचा नव्हे, भिजला तर विरघळेल.

सुमंगला